चौकोनी चौकट आणि कापलेली पावले

सप्ताह म्हटला की गोव्यात आधी वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आठवतो. त्यामुळे पणजी आणि मडगाव येथील तीन पडद्यांवर सात दिवस जुन्या चित्रपटांचा सप्ताह होणार असल्याचे कळले, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो ‘भजनाला कोण?’ असा. तो अगदीच अस्थानी नव्हता, कारण पहिल्याच संध्याकाळी पणजीच्या लहान प्रेक्षागृहात ‘संत तुकाराम’ होता आणि माझ्या मागच्या रांगेतल्या दोन आजी प्रत्येक अभंग पडद्याबरोबर, पण अतिशय हळू आवाजात, म्हणत होत्या. एरवी अशा गुणगुणण्याचा मला त्रास होतो. त्या दिवशी झाला नाही.

दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ चा चित्रपट, त्या काळच्या बहुतेक बोलपटांप्रमाणे, जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी रचलेला आहे. आजच्या रुंद पडद्यावर तो मूळ स्वरूपात दाखवायचा तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या सोडाव्याच लागतात, आणि पणजीत त्या सोडल्या होत्या. त्यामुळे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरचे मार्दव आणि त्याच्यासमोर गौरी यांच्या जिजाईचा रोखठोक, चुलीच्या धगीतला संसार एकाच चौकटीत, एकमेकांना तोलत, पूर्ण दिसत राहिले. हा चित्रपट मी दूरदर्शनवर लहानपणी पाहिला होता. तो पाहिला असे आता म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी ‘कुंकू’. शांतारामबापूंच्या या १९३७ च्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच; जे ऐकू येते ते त्या घरातूनच येते, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक केशवराव दाते यांच्या म्हाताऱ्या नवऱ्याइतकीच महत्त्वाची ठरते. अशा चित्रपटाला शांत सभागृह लागते. वातानुकूलन यंत्राची घरघर मध्यंतरापर्यंत चालू होती. कोणीतरी जाऊन सांगितल्यावर ती कमी झाली आणि मग शांता आपटे यांच्या नायिकेची चीड सभागृहात अक्षरशः घुमली.

माझी खरी तक्रार आहे ती मडगावच्या खेळाविषयी. तेथे ‘अलबेला’ (१९५१) लावला होता आणि चौकोनी चित्र रुंद पडदा भरेपर्यंत मोठे केल्यामुळे वर-खाली मिळून सुमारे पाव भाग कापला गेला होता. इतर एखाद्या चित्रपटात हे कदाचित खपले असते, पण भगवानदादांचे नृत्य पावलांत असते, आणि आम्हाला दोन तास दिसले ते गुडघ्यांपर्यंतचे भगवानदादा. मध्यंतरात प्रक्षेपण कक्षाकडे जाऊन विचारले, तेव्हा काळ्या पट्ट्या दिसल्या की प्रेक्षकच तक्रार करतात, असे उत्तर मिळाले. ते उत्तर प्रामाणिक असेलही. मात्र खेळापूर्वी दोन वाक्यांत कारण समजावून दिले असते तर एकाही मडगावकराने कुरकुर केली नसती.

खेळापूर्वी बोलायला माणूस होता, हे विशेष. त्याने चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याविषयी चांगली माहिती दिली, पण ज्यांच्या ट्रम्पेटने ‘अलबेला’ची गाणी उसळतात आणि जे आपल्या वाद्यवृंदासह एका गाण्यात पडद्यावरही दिसतात, ते चिक चॉकलेट म्हणजे आपल्या हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, हे मडगावात, गोमंतकीय प्रेक्षकांसमोर सांगायचे राहून गेले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईला गेलेल्या अशा वादक-संयोजकांवाचून, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असोत की सेबास्टियन डिसोझा, त्या काळचे हिंदी चित्रपटसंगीत उभेच राहिले नसते. त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येतात. ती निदान आपण तरी घ्यावीत.

उरलेल्या दिवसांत ‘निर्मोण’ (१९६६) हा कोकणी चित्रपट भरगच्च गर्दीत झाला. ‘सामना’ला मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याचे वाईट वाटले; १९७५ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला आणि निळू फुले व श्रीराम लागू समोरासमोर उभे असलेला चित्रपट दुपारी दोनला लावला तर दुसरे काय होणार? २००४ पासून दर नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी रांगा लावणाऱ्या पणजी शहराला जुना मराठी चित्रपट पाहायला संध्याकाळची वेळ मिळू नये, हे मला समजलेले नाही.

तिकीट मात्र मल्टिप्लेक्समधल्या मक्याच्या लाह्यांपेक्षा स्वस्त होते, आसने बरी होती आणि चहा वेळेवर मिळत होता. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी पणजीचे लहान प्रेक्षागृह निवडावे, मधल्या रांगेत बसावे आणि फोंड्याकडे परतायचे असेल तर रात्रीचा खेळ टाळावा; तो सुटेपर्यंत शेवटची बस गेलेली असते आणि मग पुतण्याला फोन करून गाडी मागवावी लागते.