नव्या रंगाखालची जुनी ट्रॉली: निफाडच्या एका व्यवहारात काय काय निघालं

उन्हाळ कांदा काढणीला यायच्या तोंडावर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जुनी दोन चाकी टिपिंग ट्रॉली (जॅकने हौदा उचलून माल ओतणारी) घेतली. किंमत १ लाख ३५ हजार. विकणाऱ्याचा धंदाच जुन्या ट्रॉल्या दुरुस्त करून विकायचा. "नाना, टायर नवे, पाटे नवे, बेअरिंग नवं, जॅकचं किट नवं. तुम्ही फक्त पिन टाकायची अन् कांदा भरायचा." ट्रॉली लालभडक, बाजूंना पिवळे पट्टे, मागे रेडियम. तिसऱ्याच खेपेला पिंपळगाव बसवंतला जाताना डाव्या चाकाचा हब (चाकाचा मधला तुंबा) इतका तापला की ग्रीस पातळ होऊन रिमवरून ओघळलं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने हात करून थांबवलं, म्हणून चाक निखळायचं वाचलं.

नंतर ती ट्रॉली पूर्ण खोलली. जे निघालं ते इथे सविस्तर देत आहोत. हे प्रकार नवे नाहीत, आणि पैसे द्यायच्या आधी दोन तास काढले तर त्यातला एकही लपत नाही.

आधी हब. आतलं बेअरिंग खरंच नवं होतं, त्यावरचे आकडेही पुसले नव्हते. फसवणूक होती ती बेअरिंग ज्यावर बसतं त्या स्पिंडलवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकावर. बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलवर हाताने सरकली पाहिजे, पण बसल्यावर अजिबात हलता कामा नये. या ट्रॉलीचं स्पिंडल खालच्या बाजूने झिजून अंडाकृती झालं होतं. त्यावर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून, वरून भरपूर ग्रीस थापून बेअरिंग दाबून बसवलेलं. रिकामी ट्रॉली फिरवून दाखवली तर आवाजही येत नाही. माल भरला की ती पट्टी चेपते, फाटते, तिचे तुकडे रोलरमध्ये जातात, बेअरिंग तिरकं बसतं आणि सगळा भार रोलरच्या एका टोकावर येतो. तापायचं कारण तेच. काही ठिकाणी पट्टीऐवजी स्पिंडलवर पंचाने ठिपके मारून उंचवटे काढतात. तो इलाज पट्टीपेक्षाही कमी टिकतो.

हे पकडायचं असं: दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा, ॲक्सलखाली जॅक देऊन चाक उचला, टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. किंचित जाणवेल इतका खेळ चालतो. खट्-खट् असा आवाज आला तर पुढे बोलायचंच नाही. आवाज आला नाही तरी हब खोलायला लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. स्पिंडल रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि बेअरिंगच्या जागेवरून नख लांबीच्या दिशेने ओढा. नखाला पायरी लागली म्हणजे झीज आहे. निळसर-जांभळट झाक दिसली म्हणजे ते आधी कधीतरी जळालेलं आहे. "खोललं की सील खराब होईल" असं विकणारा म्हणाला, तर सीलचे पैसे तुम्ही द्या, पण खोलाच. वेल्डिंग भरून लेथवर फिरवलेलं स्पिंडल भरल्या ट्रॉलीला वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ॲक्सल बदलावा.

परत बसवताना चाक हाताने फिरवत नट आवळायचा. चाक जड झालं की नट फक्त जवळची खाच कॉटर पिनच्या भोकासमोर येईल इतकाच सैल करायचा. पिन नवीनच घालायची, जुनी सरळ करून नाही. ग्रीस बेअरिंगच्या रोलरमध्ये तळहातावर दाबून भरायचं, पण हबची पोकळी अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून स्वतःच तापतं आणि सील ढकलून बाहेर येतं. चाक काढून लावलं असेल तर ५० किलोमीटरनंतर चाकाचे सगळे नट पुन्हा आवळायचे. पहिल्या खेपेला थांबून हबला हात लावायचा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर ट्रॉली तिथेच सोडायची.

दुसरा प्रकार दांडीच्या कडीचा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात घातक. ट्रॅक्टरच्या हुकात जी कडी अडकते तिचं भोक झिजून लांबट झालं होतं. कडी बदलायची सोडून आतून वेल्डिंगचे थर भरले, ग्राइंडरने गोल केले आणि वर काळं ग्रीस फासलं. कडीच्या लोखंडावर असे थर दिले की थराच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. ग्रीस पुसल्यावर केसासारखी रेघ दिसली. ती रेघ जवळजवळ अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली होती. म्हणून कडी नेहमी कोरडी पुसून, उन्हात, चारही बाजूंनी बघायची. पिन घालून हलवायची. पिन आणि भोक यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळीक नको. पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा बोल्ट दिला असेल तर तो तिथेच काढून टाका. डोक्याची पिन आणि तिला खालून क्लिप हवीच. त्याशिवाय दांडीच्या फ्रेमपासून ट्रॅक्टरपर्यंत एक जाड साखळी लावा, वळताना ताणणार नाही इतकी ढिली. कडी तुटली तर दांडी रस्त्यात रुतून ट्रॉली उलटण्याऐवजी साखळीवर तोलली जाते. आणि ट्रॉली कधीही ट्रॅक्टरच्या वरच्या लिंकला जोडू नका. ओढ जेवढी उंचावर, तेवढा ट्रॅक्टर मागे पलटी व्हायचा धोका.

पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, "नवे" म्हणजे फक्त वरचा एक नवा होता. खालून तिसरा पाटा यू-बोल्टच्या खाली बरोबर मधे तुटलेला, रंगाने सांधलेला. तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय हे दिसत नाही. ॲक्सल जागेवर आहे का ते बघायला कडीच्या मध्यापासून दोन्ही हबपर्यंत टेप धरायचा. दोन मापांत सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालणार आणि एक टायर खाणार.

टायरवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे ०७१६ होतं, म्हणजे २०१६ चा सातवा आठवडा. वरची नक्षी नवी कारण टायर रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं. रिमोल्ड वापरणं गुन्हा नाही, पण तो नव्याच्या भावात विकणं ही फसवणूकच.

आता पत्रा. सांगितला ४ मिलिमीटर. फाळक्याची (हौद्याच्या बाजूच्या पत्र्याची) कड दुमडून जाड केलेली होती, तिथेच माप दाखवलं. ११ फूट बाय ६ फूट तळाला दर मिलिमीटरमागे ४८ किलो लोखंड लागतं. दोन फुटी बाजूंना मिळून जवळजवळ तेवढंच. म्हणजे ४ ऐवजी ३ चा पत्रा वापरला तर ९५ किलोच्या पुढे लोखंड कमी, आणि पैसे मात्र पूर्ण. वजनकाट्यावर रिकामी ट्रॉली चढवून पावती घ्या आणि विकणाऱ्याने सांगितलेल्या मापांशी ताडून बघा. पुट्टी ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली गंजाचं भोक भरलेलं असतं.

टिपिंग जॅक रिकामा उचलून दाखवतात. तो भरल्या मालावर बघायचा: अर्ध्यावर उचला, इंजिन बंद करा, जॅकच्या दांडीवर खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. या दहा मिनिटांत कोणीही हौद्याखाली जायचं नाही. आधार लावल्याशिवाय एरवीही नाही. खूण खाली सरकली तर सील गेलंय किंवा नळकांड्याला चरे आहेत. लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो. जुन्या जॅकमधलं पाणी आणि कचरा पहिल्या उचलीतच तुमच्या ट्रॅक्टरच्या पंपात जातो. ट्रॉली स्वस्तात पडली म्हणून आनंद मानणाऱ्याला पंपाचा खर्च महिन्याने कळतो. जोडण्याआधी जॅकचं तेल बादलीत काढून बघा. दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे.

या ट्रॉलीला दीड फुटाचे वाढीव फाळके "फुकट" जोडून दिले होते. एक घनमीटर कांदा साधारण साडेपाच क्विंटल धरा. दोन फुटी हौद्यात वीस-एकवीस क्विंटल बसतो, साडेतीन फुटात छत्तीसच्या आसपास. ॲक्सल आणि पाटे मात्र तेच. अशी वाढ आरटीओच्या परवानगीशिवाय करणं कायद्यालाही धरून नाही. माल भरताना सुरुवात पुढून करा आणि भार किंचित पुढे ठेवा. मागे जास्त झाला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. पुढे फार झाला तर स्टिअरिंग हलकं पडतं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. राहुड किंवा भावडबारी घाट उतरताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे दोन्ही ब्रेक पेडल लॉकने जोडलेले हवेत, आणि ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल अजिबात नाही.

शेवटचा धक्का कागदांचा होता. ट्रॉलीला स्वतःचा नंबर आणि स्वतःची आरसी (नोंदणीचा कागद) असते. आरसी दिली होती एमएच-१५ ची, पण दुसऱ्याच ट्रॉलीची. चासी नंबर ज्या पट्टीवर ठोकला होता, ती पट्टी कापून आणून फ्रेमवर वेल्ड केलेली. रंग खरवडल्यावर चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ निघाली. अशी ट्रॉली चोरीची निघाली तर पैसेही जातात आणि ट्रॉलीही. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर मालकी बदलत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन आरटीओत नाव लावावं लागतं, आणि बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ व बँकेची एनओसी. विमाही ट्रॉलीचा वेगळा बघा. ट्रॅक्टरचा आहे म्हणून ट्रॉलीचा झाला असं नाही.

या व्यवहारात तक्रार करणं अवघड गेलं ते एकाच कारणाने: पावतीवर फक्त "जुनी ट्रॉली १ नग" एवढंच होतं. विकणारा धंदेवाईक असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. नंबर बदलल्याचा प्रकार असेल तर थेट पोलीस ठाणं. कुठेही गेलात तरी पहिल्यांदा पावतीच मागतात. ती अशी लिहून घ्या: "चासी नंबर अमुक, ॲक्सल व स्पिंडल मूळ, वेल्डिंग न केलेले, कडी मूळ, तळाचा पत्रा इतके मिलिमीटर, रिकामे वजन इतके किलो, काट्याची पावती सोबत, टायरची खूण अमुक, रिमोल्ड आहेत किंवा नाहीत, बोजा नाही." खाली विकणाऱ्याची सही, तारीख आणि मोबाइल नंबर. पैसे बँकेतून द्या, आणि निम्मी रक्कम आरसीवर नाव लागेपर्यंत थांबवा.