मूळ फाइलमध्येच बदल करायचा, की शेजारी आपली छोटी फाइल ठेवायची?

लिनक्सची लॅब हाती आली की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. सेटिंग बदलायचं तर 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरमधली, पॅकेजसोबत (म्हणजे प्रोग्रामसोबत) आलेली मूळ फाइल उघडायची, की तिला हात न लावता '.डी' फोल्डरमध्ये आपल्या चार ओळींची वेगळी फाइल टाकायची? लातूरला कॉलेजच्या २४ मशीन आणि एक सर्व्हर सांभाळताना मी दोन्ही केलंय. परभणीचा एक मित्र नवी लॅब उभी करतोय. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

मूळ फाइलचा फायदा खरा आहे. सगळं एका जागी असतं, वरून खाली वाचत गेलं की काय चाललंय ते कळतं. घरच्या एका मशीनला एवढं पुरे.

अडचण अपग्रेडच्या वेळी येते. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत एखादी फाइल तुम्हीही बदलली आणि नव्या आवृत्तीत पॅकेजवाल्यांनीही बदलली, तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबून विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते आणि नवी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने शेजारी पडते. 'वाय' दाबलं तर नवी बसते, तुमची '.डीपीकेजी-ओल्ड' होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी असताना लॅबमधल्या मदतनीस पोराने सर्व्हर अपग्रेडला लावला आणि प्रत्येक प्रश्नाला 'वाय' दाबत गेला. त्याचा दोष नव्हता, मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये लॅब उघडली तर पोरांना प्रत्येक साइटवर स्क्विडचं (लॅबचं इंटरनेट ज्यातून जातं त्या प्रॉक्सी प्रोग्रामचं) 'ॲक्सेस डिनाइड'. स्क्विडची कोरी फाइल फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या मशीनलाच वाट देते. आमच्या लॅबला परवानगी देणाऱ्या ओळी 'ओल्ड' फाइलमध्ये जाऊन बसल्या होत्या. त्या सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला.

त्याच ओळी स्क्विडच्या 'कॉन्फ.डी'मध्ये स्वतंत्र फाइलमध्ये असत्या, तर अपग्रेडने त्यांना हात लावला नसता. दुसऱ्या मशीनवर न्यायचं तर एक फाइल कॉपी केली की झालं. बदल नकोसा झाला तर ती फाइल काढून टाकायची.

पण या पद्धतीत क्रम समजून घ्यावाच लागतो, आणि चूक होते ती इथेच. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून नावाआधी १०, ५०, ९९ असे आकडे लावतात. नियम मात्र प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा. लिनक्सच्या गाभ्याची सेटिंग ठरवणाऱ्या 'सिसकंट्रोल'मध्ये शेवटी वाचलेली किंमत टिकते, म्हणजे ९९ जिंकतो. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरमध्ये उलटं: आधी सापडलेली किंमत टिकते. उबुंटू सर्व्हरवर बऱ्याचदा '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल आधीच असते आणि पासवर्डने लॉगिन चालू की बंद, हे ती ठरवते. तुम्ही ९९ लावून पासवर्ड बंद केलात तर काहीच होत नाही, आणि दार बंद आहे असं समजून तुम्ही निश्चिंत राहता. तिथे १० लावा. मूळ फाइलमध्ये खाली लिहिलं तरी काही होत नाही, कारण या छोट्या फाइली वाचायची ओळ तिच्यात अगदी वर असते. म्हणून बदलानंतर 'एसएसएचडी'ला, म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या प्रोग्रामला, मोठ्या 'टी'चा पर्याय देऊन खरोखर काय लागू झालंय ते बघाच.

नावांचंही तसंच. ॲडमिनचे अधिकार कोणाला ते ठरवणाऱ्या 'सुडोअर्स.डी'मध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही. 'लॅब.कॉन्फ' असं नाव दिलं तर ती गपचूप वगळली जाते, नुसतं 'लॅब' ठेवायचं.

सिस्टमडीच्या (मागे चालणारे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसेससाठी वाद नको. 'सिस्टमसीटीएल एडिट' स्वतःच वेगळी फाइल करून देतं, तीच वापरा.

कोणतीही पद्धत घ्या, सोबत 'ईटीसीकीपर' टाका. डेबियनचे जुने डेव्हलपर जोई हेस यांनी ते लिहिलंय. ते अख्ख्या 'ईटीसी'चा इतिहास गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवतं आणि एपीटी या कमांडने पॅकेज टाकायच्या आधी व नंतर आपोआप नोंद करतं. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे ते दिसतं, पण ते कधी आणि कशाने चढलं हे फेरफारातच सापडतं, हे तसंच. एक पथ्य पाळा: पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असलेली 'शॅडो' फाइलही त्यात येते, तेव्हा ते गिट बाहेर कुठे चढवू नका.

मशीन एक आणि हात लावणारे तुम्ही एकटेच असाल तर मूळ फाइल आणि ईटीसीकीपर पुरे. दोन मशीन झाल्या, किंवा किल्ल्या दुसऱ्या कोणाकडेही असल्या, की छोट्या फाइलींकडे वळा. एखाद्या प्रोग्रामचं जवळजवळ सगळंच बदलायचं असेल, तर तेवढी एक मूळ फाइल बदला आणि अपग्रेडच्या वेळी स्वतः समोर बसा. मित्राला एवढंच जास्तीचं सांगितलं की प्रत्येक छोट्या फाइलच्या पहिल्या ओळीत तारीख आणि कारण लिही, मराठीत लिहिलं तरी चालतं.