स्पॉन्सरशिप मागे घेताना: दादरच्या एका वकीलबाईंच्या ऑफिसचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगते, पाचपैकी साडेचार तारे. ऑफिस दादर पश्चिमेला प्लाझाच्या मागच्या बाजूला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. नाव लिहीत नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि बाईंनी "माझं नाव कुठे टाकू नका" असं स्वच्छ सांगितलं आहे. मला त्यांचं नाव मावशीच्या मैत्रिणीकडून मिळालं. अशी नावं तशीच मिळतात.

काम असं होतं: मी कॅनडात मिसिसागाला राहते, तिथली पी.आर. म्हणजे कायमची रहिवासी आहे. लग्नानंतर नवऱ्याची स्पॉन्सरशिपची फाईल भरली, म्हणजे त्यालाही तिथे कायमचं राहता यावं म्हणून माझ्या हमीवरचा अर्ज. तो कल्याणला, मी तिकडे. फाईल पुढे सरकत राहिली आणि लग्न मागे पडत गेलं. कोणाचं काय चुकलं ते इथे लिहिणार नाही, तो माझा एकटीचा विषय नाही. एवढंच सांगते, की त्याची मेडिकल झाली होती, व्हिसा लावण्यासाठी पासपोर्ट मागवणारं पत्र कधीही येईल अशी अवस्था होती आणि आम्ही दोघांनी एकत्र राहायचं नाही हे नक्की केलं होतं. मी सुट्टी काढून पार्ल्याला आई-बाबांकडे आले ती याच कामासाठी.

मूळ फाईल आम्ही मुंबईतल्या एका एजंटकडून भरून घेतली होती. ऑफिस चकाचक, भिंतीवर मेपलचं मोठं पान, चहा-बिस्किटं. लग्न मोडतंय म्हटल्यावर त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आत्ता मागे घेतलंत तर तुमच्यावर पाच वर्षांची बंदी येईल. दोन, त्यापेक्षा त्याला एकदा उतरू द्या, पी.आर. होऊ द्या, मग सावकाश घटस्फोट घ्या, "सगळे असंच करतात." आणि तरीही मागे घ्यायचंच असेल तर त्याची वेगळी फी, ती आगाऊ. ऑनलाइन खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं, त्यामुळे माझीच फाईल मला उघडून बघता येईना. पासवर्ड मागितला तर "सिस्टीम डाऊन आहे."

आता दादरच्या ऑफिसबद्दल. पहिल्या भेटीचे अडीच हजार रुपये, फोनवरच सांगतात, पावती देतात. बाई साठीच्या आसपासच्या. समोर बसल्यावर त्यांनी पहिलं जे वाक्य सांगितलं त्यानेच माझा जीव अर्धा भांड्यात पडला. म्हणाल्या, "मी भारतातली वकील आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यापुढे पैसे घेऊन तुमची प्रतिनिधी व्हायचा मला अधिकार नाही. तो तिथल्या वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक सल्लागारांनाच आहे. तुमच्या एजंटचा परवाना नंबर काय?" नंबर नव्हता. तिथल्या सल्लागारांचं एक कॉलेज आहे, म्हणजे शिकायचं नव्हे, नियामक संस्था, तिची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते. बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून मलाच शोधायला लावलं. एजंटचं नाव नाही, त्याच्या कंपनीतल्या कोणाचंच नाही. मग टोरांटोच्या ज्या सल्लागाराशी त्या अशा केसेससाठी बोलतात त्याचं नावही त्यांनी मला त्याच यादीत तपासायला लावलं, मगच व्हिडिओ कॉल ठरवला. त्याची फी वेगळी, थेट त्याला द्यायची, मध्ये बाईंचा हिस्सा नाही. जे आपल्या हातात नाही ते पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा माणूस या धंद्यात मला पहिल्यांदाच भेटला. साडेचार ताऱ्यांमधले दोन तरी त्यासाठीच आहेत.

त्या कॉलमध्ये जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या नातेवाइकांत प्रत्येकाचं याबद्दल वेगळंच मत होतं.

जोडीदार पी.आर. होत नाही तोपर्यंत स्पॉन्सर आपला अर्ज मागे घेऊ शकतो. व्हिसा मंजूर झाला, पासपोर्टवर चिकटला, तिकीट काढलं, तरीही. पण एकदा तो पी.आर. झाला की दार बंद. त्यानंतर तीन वर्षं त्याची आर्थिक जबाबदारी स्पॉन्सरची. त्या तीन वर्षांत त्याने तिथल्या सरकारकडून निर्वाहाची मदत घेतली तर ते पैसे परत करायचे स्पॉन्सरने. घटस्फोट झाला तरी, नोकरी गेली तरी, दुसऱ्या प्रांतात राहायला गेलं तरी, इतकंच काय त्याला नागरिकत्व मिळालं तरी या जबाबदारीचं हमीपत्र चालूच राहतं. त्या मुदतीत दुसऱ्या जोडीदारालाही स्पॉन्सर करता येत नाही. मी हमीपत्रावर सही केली होती तेव्हा ते वाचलं होतं, पण लग्नाच्या आनंदात वाचणं आणि लग्न मोडताना वाचणं यात फार फरक आहे.

पाच वर्षांची बंदी? अर्ज मागे घेतल्याबद्दल अशी कुठलीही बंदी नाही. पाच वर्षांचा आकडा दोन ठिकाणी येतो. स्पॉन्सर होऊन आलेल्या माणसाला पी.आर. झाल्यापासून पाच वर्षं स्वतः नवीन जोडीदार स्पॉन्सर करता येत नाही. आणि खात्यापासून खरी माहिती लपवली, म्हणजे मिसरिप्रेझेंटेशन केलं, तर पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. नातं संपलंय हे माहीत असून त्याला "एकदा उतरू द्या" हा एजंटचा सल्ला बरोबर या दुसऱ्या खड्ड्यात नेणारा होता. बंदीची भीती दाखवून तो मला बंदीकडेच ढकलत होता. हे कळल्यावर मला इतका संताप आला की कॉल थोडा वेळ थांबवावा लागला. बाईंनी पाणी दिलं, एक शब्द बोलल्या नाहीत.

आणखी एक. मागे घेण्यासाठी घटस्फोटाचा हुकूमनामा लागत नाही. आमच्याकडे सगळे म्हणत होते, आधी कोर्ट, मग इमिग्रेशन. उलट कोर्टाला जो वेळ लागतो तेवढ्यात फाईल मंजूर होऊन माणूस तिकडे उतरूनही जातो. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत.

सल्लागार म्हणाला, पत्र तुम्हीच लिहा, तुम्हीच पाठवा, त्याला प्रतिनिधी लागत नाही. मी रात्री बसून दोन पानी पत्र लिहिलं. सासरच्यांचं बोलणं, फोन न उचलणं, दिवाळीला काय झालं, सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते शांतपणे पूर्ण वाचलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग पेन्सिलने एकेक परिच्छेद खोडत गेल्या आणि शेवटी उरलं ते असं: माझं नाव, जन्मतारीख, त्याचं नाव, अर्जाचा क्रमांक, दोघांचे क्लायंट आयडी (इमिग्रेशन खातं प्रत्येकाला देतं तो नंबर), "आमचं वैवाहिक नातं संपुष्टात आलं आहे, मी माझी स्पॉन्सरशिप मागे घेत आहे," तारीख, सही. "भांडणाचा हिशेब कोर्टात. त्याने फसवणूक केली असं तुम्हाला खरंच वाटतं का?" मी नाही म्हटलं. "मग या पत्रात त्याच्याबद्दल एक शब्दही नको. रागाने लिहिलेलं वाक्य सरकारी फाईलमधून पुन्हा निघत नाही." खोडलेली दोन पानं त्यांनी मला परत दिली, फाडली नाहीत. ती माझ्याकडे आहेत.

पत्र इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून गेलं, सोबत पासपोर्टची प्रत. एजंटच्या हातातल्या ऑनलाइन अकाउंटची गरजच पडली नाही. अर्ज क्रमांक आणि क्लायंट आयडी असला की वेबफॉर्म कोणालाही स्वतःच्या ईमेलवरून भरता येतो. माझा ईमेल बदलल्याचंही त्यातच कळवलं. ज्यांनी रीतसर प्रतिनिधी नेमलेला असतो त्यांना तो रद्द करायला आयएमएम ५४७६ हा फॉर्म लागतो. पैशांचं म्हणाल तर पी.आर. हक्काची ५७५ डॉलर फी (२०२४ च्या दराने मी भरली ती) परत मिळते. प्रक्रियेची फी, काम सुरू झालेलं असल्यामुळे, गेली.

वेबफॉर्मचं बटण दाबायच्या आधी बाईंनी विचारलं, "त्यांना सांगितलंत का?"

मी गप्प. त्या म्हणाल्या, कायद्याने सांगायची सक्ती नाही, हे मी वकील म्हणून विचारत नाहीये. पण तो माणूस नोकरीचा राजीनामा द्यायच्या बेतात असेल तर त्याला खात्याच्या ईमेलमधून कळू देऊ नका. तो खरोखरच बेतात होता. बँकेतली चांगली नोकरी, दोन महिन्यांचा नोटीस पिरियड. मी तिथूनच, त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन केला. बोलणं छोटं झालं. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस. आमच्यात त्या वर्षातलं ते सगळ्यात सरळ बोलणं होतं. मग वर जाऊन मी बटण दाबलं.

बाहेरच्या बाकावर एक मुलगी भेटली, पंचविशीची, डोंबिवलीची. तिने स्वतःहून सांगितलं म्हणून लिहिते. ती दुसऱ्या बाजूची होती. नवऱ्याने स्पॉन्सर करून नेलं, पी.आर. झाली, आणि आता भांडण झालं की तो धमकी द्यायचा, "तुझा पी.आर. काढून घेईन, एक ईमेल टाकला की संपलं." ती घाबरून माहेरी आली होती. आत जाऊन आली आणि रडत माझ्या शेजारी बसली, पण ते रडणं वेगळं होतं. "ताई, तो काही करू शकत नाही म्हणे." खरंच नाही करू शकत. जोडीदार पी.आर. झाल्यावर नातं तुटलं म्हणून पी.आर. रद्द होत नाही. पूर्वी काही जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली, कारण त्या अटीमुळे मार खाणाऱ्या बायका घर सोडू शकत नव्हत्या. ज्यांचा पी.आर. अजून झालेला नाही आणि ज्या तिथे घरात हिंसा सोसताहेत त्यांच्यासाठी २०१९ पासून वेगळा तात्पुरता परवाना आहे, त्याची माहिती बाईंनी भिंतीवर मराठीत टाईप करून लावली आहे. एकाच ऑफिसात स्पॉन्सरला आणि स्पॉन्सर झालेल्याला तोच कायदा तसाच सांगितला जातो, हे त्या बाकावर बसून मला दिसलं.

घटस्फोटाचं थोडक्यात: आमचा परस्पर संमतीचा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात. निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं. आमच्यासाठी तसा अर्ज केला आहे. त्याचा वकील वेगळा आहे आणि तो असायलाच हवा, असा आग्रह बाईंनीच धरला.

आता कापलेल्या अर्ध्या ताऱ्याचं. दुपारी फोन कोणीही उचलत नाही, बाई कोर्टात आणि टायपिस्ट जेवायला. परदेशातून फोन करणाऱ्याला हे फार जड जातं, टोरांटो आपल्या साडेनऊ-साडेदहा तास मागे. टायपिस्टने माझं मधलं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं टाईप केलं, मीच पकडलं. वकीलपत्रापासून अर्जापर्यंत प्रत्येक कागद पासपोर्ट समोर ठेवून वाचा. बसायला एकच बाक, आणि तीन मजले चढताना माझ्या बाबांच्या गुडघ्यांची वाट लागली. ते दुसऱ्या वेळी खालीच रसवंतीत बसून राहिले.

खात्याकडून अर्ज मागे घेतल्याची पोच ईमेलने आली. ती मी बाईंना पाठवली आणि नवऱ्यालाही. एजंटचा अजून अधूनमधून मेसेज येतो, "मॅडम फाईलचं काय करायचं?"

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. अर्जाचा क्रमांक, क्लायंट आयडी, फी भरल्याच्या पावत्या, लग्नाचा दाखला आणि सही केलेल्या हमीपत्राची प्रत सोबत न्या. फाईल एजंटकडे अडकली असेल तर निदान खात्याकडून आलेला एखादा जुना ईमेल शोधून ठेवा, त्यात क्रमांक असतो. आणि पासपोर्टचं पत्र येण्याची वाट बघू नका, आधी जा.