हातात स्कॅनर घेऊन खरेदी: काही महिने वापरल्यावर काय पटलं, काय नाही

सुपरमार्केटात फिरताना प्रत्येक वस्तू आपणच स्कॅन करत जायची, ही पद्धत बहुतेक लोक रांग टळते म्हणून वापरायला लागतात. काही महिने नियमित वापरल्यावर माझं मत उलटं झालंय. रांग टळणं हा यातला सगळ्यात बेभरवशाचा फायदा. वस्तू ट्रॉलीत टाकतानाच तिचा खरा भाव कळणं, चालू बेरीज डोळ्यांसमोर राहणं आणि पिशवी एकदाच भरावी लागणं, हे तीन फायदे मात्र दर खेपेला पदरात पडतात. वेळ वाचणार की उलट जास्त जाणार, हे सुटा माल किती आहे आणि पैसे भरण्याआधी कर्मचाऱ्याची तपासणी लागते का, यावर ठरतं. त्या दोन्ही ठिकाणी आपल्या हातात बरंच काही असतं.

पद्धत अशी. दारातल्या यंत्राला सदस्य कार्ड किंवा ॲपमधला कोड दाखवला की रॅकमधला एक हँडसेट, म्हणजे हातात धरायचा स्कॅनर, सुटतो. ज्याचा दिवा लुकलुकतो तोच उचलायचा, शेजारचा कितीही ओढला तरी निघत नाही. मग वस्तू उचला, स्कॅन करा, पिशवीत ठेवा. शेवटी ठरलेल्या जागी हँडसेट परत लावला किंवा तिथला कोड वाचला की यादी पैसे भरायच्या यंत्रावर जाते. पावतीवरचा कोड दाखवला की फाटक उघडतं. हेच सगळं फोनवरही होतं.

हँडसेट की फोन, असा पर्याय असेल तर हँडसेट घ्या. त्यात बारकोड वाचण्यासाठीच बनवलेला भाग असतो: स्वतःचा प्रकाश, नेम दाखवणारा ठिपका किंवा रेघ, ठरावीक अंतरासाठी बसवलेली लेन्स. बटण दाबलं की लगेच बीप. फोनचा कॅमेरा मुळात फोटोसाठी, तो आधी फोकस शोधत बसतो. कोड जवळ धरला की लवकर वाचेल असं वाटतं, पण जवळ धरल्यावरच तो जास्त अडतो. साधारण 12 ते 15 सेंटीमीटर अंतर ठेवलं की बहुतेक फोन सुरळीत चालतात. शिवाय कॅमेरा आणि स्क्रीन सतत चालू राहिल्याने बॅटरी भराभर उतरते. बॅटरी बचत चालू असेल तर मध्येच फोन आल्यावर ॲप मागच्या मागे बंद पडू शकतं, आणि काही ॲपमध्ये तोवरची यादीही जाते. फोनच वापरायचा असेल तर त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा आणि आत शिरण्याआधी दुकानाच्या वायफायला जोडून घ्या. पत्र्याचं छत आणि लोखंडी रॅक यांच्यामध्ये मोबाइलचं नेटवर्क नेमकं आतल्या टोकाला पडतं.

नेटवर्क पडलं की काही ॲप ते सरळ सांगत नाहीत, ‘वस्तू सापडली नाही’ एवढंच दाखवतात. आपल्याला वाटतं बारकोड खराब आहे. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे आधी व्यवस्थित वाचली गेलेली एखादी वस्तू पुन्हा स्कॅन करून बघायची. तीही सापडत नसेल तर दोष नेटवर्कचा. सापडली तर ती आता यादीत दोनदा आहे, तेव्हा एक नग लगेच काढून टाका.

बारकोड न वाचण्याची कारणं मोजकीच असतात. गोठवलेल्या पाकिटावर दव धरतं, ते पुसा. चकचकीत वेष्टनावर प्रकाश थेट परत फिरतो, म्हणून वस्तू समोरासमोर न धरता थोडी तिरकी करा. बारीक बाटलीवर रेघा उभ्या छापल्या असतील तर कडेच्या रेघा वळणामागे जातात, तिथे बाटली आडवी-उभी करून फायदा नाही, किंचित गोल फिरवून बघावी. एवढं करून नाहीच वाचलं तर कोडखालचे 13 आकडे हाताने टाकता येतात. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र तो घेतच नाही. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं, फक्त त्यांच्यात 5 चा फरक असेल, म्हणजे 27 च्या जागी 72 पडले, तर पडताळणीचा हिशेब तसाच जुळतो. म्हणून हाताने आकडे टाकल्यावर स्क्रीनवर आलेलं नाव वाचायचं, नुसत्या बीपवर जायचं नाही.

बीपवर न जाण्याचं याहून मोठं कारण म्हणजे एकाच वस्तूवर असलेले दोन कोड. चार किंवा सहा नगांच्या पारदर्शक वेष्टनात आतल्या प्रत्येक नगाचा कोड दिसत असतो आणि स्कॅनरला जो आधी सापडेल तो चालतो. एका नगाचे पैसे लागले तर तपासणीत आपण चोर ठरतो. एका नगाचा भाव जोडपाकिटातल्या दरापेक्षा जास्त असतो म्हणून काही जण सहाही नग वेगवेगळे मोजतात, ते जास्त पैसे देऊन मोकळे होतात. बाहेरच्या वेष्टनावरचा कोड शोधायचा आणि आतले कोड बोटाने झाकायचे. मुदत संपत आलेल्या मालावरच्या सवलतीच्या स्टिकरचंही तेच. सवलत स्टिकरवरच्या कोडात असते, मूळ कोडात नसते. स्टिकर नीट लावलेला असेल तर मूळ कोड झाकलेला असतो. पण घाईत तो बाजूला चिकटवलेला असतो, आणि मग मूळ कोड वाचला जाऊन पूर्ण भाव लागतो.

आता चालू बेरजेबद्दल, कारण माझ्या मते या पद्धतीचा जीव त्यात आहे. रॅकवरची कागदी भावपट्टी कोणीतरी हाताने बदलतो. स्कॅनर मात्र भाव दुकानाच्या सर्व्हरवरून घेतो. दोन्हींत फरक असेल तर नेहमीच्या काउंटरवर तो लांबलचक बिलात बुडून जातो. इथे वस्तू हातात असताना, पट्टी समोर असतानाच तो दिसतो. पट्टीचा फोटो काढा, वस्तू घ्यायची की ठेवायची ते तिथेच ठरवा. फक्त योजनांच्या बाबतीत ही बेरीज फसवी असते. ‘दोन घ्या’ प्रकारची सूट काही यंत्रणा दुसरा नग स्कॅन होताच वजा करतात, काही पार शेवटी पैसे भरायच्या पडद्यावर. आपल्या दुकानातली यंत्रणा कशी वागते ते एकदा बघून ठेवलं की पुढे बेरीज पाहून उगाच दचकायला होत नाही.

सुटा माल हा यातला सगळ्यात कच्चा दुवा. स्कॅनरला वजन कळत नाही. त्यासाठी भाजी-फळांच्या विभागातल्या काट्यावर जाऊन लेबल काढावं लागतं. क्रम पक्का ठेवा: आधी पिशवी भरून गाठ मारा, मग काट्यावर ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या, वस्तू निवडा किंवा तिचा क्रमांक टाका, लेबल काढून चिकटवा आणि लगेच स्कॅन करा. क्रमांक टाकणं चित्रं शोधण्यापेक्षा कितीतरी जलद. बऱ्याच देशांत फळांवरच्या छोट्या गोल स्टिकरवर चार आकडी क्रमांक असतो. पिवळ्या केळ्यांचा 4011, आणि सेंद्रिय असतील तर पुढे 9 लागून 94011. लेबल लावल्यावर पिशवीत आणखी एक फळ टाकणं ही तपासणीत अडकण्याची हमखास वाट आहे, मनात काही नसलं तरी.

त्या लेबलवरचा कोड एकदा नजरेखालून घाला, पुष्कळ गोष्टी उलगडतात. नमुन्यादाखल 2104512007354 घेऊ. 2 ने सुरू होणारे कोड दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले असतात, जगात इतर कुठे त्यांना अर्थ नाही. इथे 21 म्हणजे ‘वजनाचा माल’, पुढचे 04512 म्हणजे वस्तू, 00735 म्हणजे 735 ग्रॅम, आणि शेवटचा 4 पडताळणीचा. ही मांडणी देशागणिक आणि दुकानागणिक बदलते, काही ठिकाणी वजनाच्या जागी किंमतच भरलेली असते. किंमत भरलेली असेल तर भाव लेबल छापतानाच ठरून जातो. वजन भरलेलं असेल तर स्कॅन करतानाचा भाव लागतो. दोन पिशव्यांत तीच वस्तू असली तरी एकीचंच लेबल दोनदा स्कॅन करून चालत नाही, हेही त्यातूनच कळतं. पाकीटबंद मालाला ते चालतं, कारण तिथला कोड फक्त प्रकार सांगतो, नग नाही.

वस्तू परत ठेवायची असेल तर आधी यादीतून काढा, मग रॅकवर ठेवा. जुन्या हँडसेटवर वजा बटण दाबून तीच वस्तू पुन्हा स्कॅन करायची असते. वजा दाबून मधेच कुणाशी बोलायला लागलात आणि पुढची नवीन वस्तू स्कॅन केलीत, तर यंत्र ती काढायला बघतं. यादीत नसेल तर चूक दाखवतं, पण तशीच एक आधी घेतली असेल तर गपचूप तीच वजा होते. नव्या हँडसेटवर आणि फोनवर ओळीवर बोट ठेवून संख्या कमी करता येते, ते जास्त सुरक्षित.

वयाची अट असलेल्या मालाला शेवटी कर्मचाऱ्याची मंजुरी लागतेच, त्यातून सुटका नाही. चोरीविरोधी टॅगचंही तसंच: स्कॅन केल्याने टॅग निकामी होत नाही. टॅग ओळखणारी दारातली यंत्रणा 8.2 मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालो की 58 किलोहर्ट्झच्या, टॅग काउंटरवरच्या पॅडवर घासून किंवा काढून घ्यावा लागतो, नाहीतर पैसे भरूनही दारात भोंगा वाजतो. अशा वस्तू सगळ्यांत वर ठेवा.

तपासणी पैसे भरण्याआधी लागते. पडदा लाल किंवा पिवळा होतो आणि कर्मचारी येतो. तिच्यात चिठ्ठ्या टाकण्याचा भाग असतो, पण ती निव्वळ नशिबाची नसते: नवीन खातं, यादीतून बऱ्याच वस्तू काढणं, मागच्या वेळी फरक निघणं यांनी शक्यता वाढते. नेमकं गणित दुकानं सांगत नाहीत. बहुतेकदा अर्धवट तपासणी होते: वेगवेगळ्या पिशव्यांमधून मोजक्या वस्तू उचलून स्कॅन केल्या जातात. त्यातली एखादी यादीत नसेल तर मग सगळंच बाहेर. तेव्हा वाचवलेला वेळ दामदुपटीने परत जातो. पिशव्या ट्रॉलीत उघड्या आणि उभ्या ठेवल्या, जड माल एकीत, नाजूक दुसरीत, थंड तिसरीत अशी विभागणी केली आणि लेबलं वरच्या बाजूला ठेवली तर अर्धवट तपासणी पटकन आटोपते. थंड माल शेवटी घ्यायचा हे वेगळं सांगायला नको. तिथल्या कर्मचाऱ्यावर चिडून उपयोग नाही, निवड यंत्राची असते.

दुकानांच्या बाजूने बघितलं तर ही तपासणी का, ते समजतं. नेदरलँड्समध्ये आल्बर्ट हाइन या सुपरमार्केट साखळीने हातातल्या स्कॅनरची पद्धत 1990 च्या दशकातच आणली आणि ती तिथे रुजली. अमेरिकेत वॉलमार्टने आपल्या दुकानांतून ती 2018 मध्ये बंद केली, वेगमन्स या साखळीने 2022 मध्ये स्कॅनिंगचं ॲप मागे घेताना नुकसानीचं कारण उघडपणे दिलं. वॉलमार्टच्याच मालकीच्या सॅम्स क्लबमध्ये मात्र ती चालू राहिली. मला याचा अर्थ असा दिसतो, की तिथे सदस्यत्वाशिवाय खरेदी नाही आणि बाहेर पडताना पावती दाखवणं आधीपासूनच अंगवळणी पडलेलं होतं. कॅमेरे आणि वजनमापक असलेल्या ट्रॉल्या हा पुढचा पर्याय. त्यात सुट्या मालाचं दुखणं बरंच कमी होतं, कारण काटा ट्रॉलीतच असतो. पण वस्तू ठेवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि पर्स किंवा पाण्याची बाटली आत ठेवली की यंत्र गोंधळतं.

शेवटची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अर्धवट तपासणी दुकानाला सांभाळते, आपल्याला नाही. तिच्यात उचललेली वस्तू यादीत आहे का एवढंच बघितलं जातं, एकच नग दोनदा लागलाय का ते नाही. बटण दाबून धरल्याने, बीप ऐकू न आल्याने किंवा मुलांच्या हातात स्कॅनर दिल्याने असे दुहेरी नग सहज पडतात, आणि घरी गेल्यावर दुसरा नग कधी घेतलाच नव्हता हे सिद्ध करणं कठीण. म्हणून पैसे भरायच्या यंत्राकडे वळण्याआधी बाजूला उभं राहून यादी वरून खालपर्यंत सरकवायची आणि संख्येच्या रकान्यात 1 सोडून जे काही दिसेल, तेवढंच ट्रॉलीतल्या मालाशी ताडून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एकदा पैसे भरले की ती ओळ खोडायला ग्राहक सेवेच्या रांगेत उभं राहावं लागतं.