एक लाख लुमेनची बॅटरी, एकोणतीस ग्रॅमचा सेल

तूर फुलावर आली आणि हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या बाजारांत बॅटरीवाल्यांच्या गाड्या फिरू लागतात. वेळ बरोबर साधतात. थ्री फेज लाइन पाळीपाळीने रात्रीची असते, त्यामुळे मोटर चालू करायला आणि स्प्रिंकलरचे पाइप हलवायला अंधारात वावरात जावंच लागतं. त्यात डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी. माणसं मारणारी टी-वन वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, पण इकडच्या माणसाच्या मनातली धास्ती काही गेली नाही. अशा गिऱ्हाइकाला उजेड विकायला फार बोलावं लागत नाही.

मागच्या हंगामातली गाडी म्हणजे एक पांढरा छोटा टेम्पो होता. भोंग्यावर रेकॉर्ड चालू: ‘मिलिटरीचा माल, एक लाख लुमेन, दोन किलोमीटर मारते!’ लुमेन म्हणजे बॅटरी एकूण किती उजेड टाकते त्याचं माप. एक साडेसहाशेला, जोडी बाराशेला.

मला बॅटऱ्यांचा नाद आहे. आजोबांच्या तीन सेलच्या निकेल चढवलेल्या पितळी बॅटरीपासून सुरुवात झाली, आता कपाटाचा एक कप्पा त्यांनीच भरलाय. रात्रीचे फोटो काढतो, त्यातही बॅटरी लागते. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर उघडं सोडायचं आणि पडक्या देवळावरून झोत हळूहळू फिरवायचा. त्यामुळे डब्यावरचे आकडे मी धरतच नाही, कारण ते सगळेच फेकतात. बघायचं ते डोळ्यांनी. गाडीवाल्याने दिवेलागणीला गावच्या पाण्याच्या टाकीवर झोत मारला, तेव्हा टाकीवरची रंगवलेली अक्षरं खालून वाचता येत होती. मी ती बॅटरी मागून घेतली, बराच वेळ चालू ठेवली. अंग तापलं, उजेड मात्र उतरला नाही. हातात चांगली जड लागत होती.

‘हीच द्या,’ म्हटलं.

‘भाऊ, थे डेमोची हाय, दिवसभर जळते. तुमाले सीलबंद देतो ना.’

सगळी मेख इथेच होती. खोक्यातून काढलेल्या डब्यात तेच अंग, तेच बटण, तीच काच. आतला सेल तेवढा वेगळा. मी जोडी घेतली, मोठेबाबांनी एक घेतली, गल्लीतल्या आणखी काही जणांनी घेतल्या. बिल कोणालाच नाही. डब्यात एक गॅरंटी कार्ड होतं, त्यावर फक्त मोबाइल नंबर.

घरी आल्यावर पहिली काही मिनिटं बॅटरी झकास चालली. मग झोत पिवळट न होता नुसताच खचत गेला. डोळा अंधाराला सरावतो, म्हणून हे लवकर कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं. विहिरीजवळच्या कडुनिंबावर झोत धरून आयएसओ ४००, एफ ८, १५ सेकंद अशी सेटिंग न बदलता दोन फोटो घेतले, एक चालू केल्याबरोबर आणि दुसरा दहा मिनिटांनी. दुसरा पहिल्याइतका उजळ करायला दोन स्टॉप वाढवावे लागले, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. म्हणजे उजेड चौथाईवर आला होता. बऱ्याच मोबाइलांतही प्रो मोडमध्ये आयएसओ आणि शटर पक्कं करता येतं, तुम्हीही हे करून पाहू शकता. ऑटोवर मात्र करू नका, मोबाइल स्वतःच उजेड भरून काढतो आणि दोन्ही फोटो सारखेच दिसतात.

मग तालुक्याला सोनाराच्या काट्यावर सेल ठेवला. २९ ग्रॅम. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला त्याच मापाचा माझ्याकडचा सेल ४५ भरला. सोनार हसला, ‘यात तं खोट हाय गा.’ त्याला लुमेन ठाऊक नाही, वजन ठाऊक आहे.

या सेलला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून. चांगल्या कंपनीच्या अशा सेलमध्ये मावणारी वीज साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. आमच्यावर छापलं होतं ९९००. मी वरचं निळं प्लास्टिक सोललं. तुम्ही सोलू नका, लिथियमचा सेल आत शॉर्ट झाला तर भडकतो. बुडाचं झाकण नुसतं चिकटवलेलं होतं, ते निघालं. आत करंगळीएवढा दुसरा सेल आणि बाकीच्या जागेत मैद्यासारखी पांढरी पूड!

एक लाख लुमेनचा हिशेबही सोपा आहे. चांगली एलईडी एका वॅटला शंभर ते दीडशे लुमेन देते. दीडशे धरले तरी लाखाला साडेसहाशे वॅटच्या वर लागतील, म्हणजे जवळजवळ एक हॉर्सपॉवरची मोटर. साडेतीन हजारांचा अस्सल सेल तेरा वॅट-तास साठवतो. एवढ्या भाराला तो मिनिटभर पुरला तर पुरला. ‘दोन किलोमीटर’चंही तसंच. बॅटऱ्यांच्या एफएल-वन मानकात पल्ला म्हणजे जिथे पाव लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड उरतो तेवढं अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकं. लुमेन मोजायचे तेही चालू केल्यावर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या आत, पहिल्या भपक्याला नाही. म्हणजे खरा आकडा छापणाऱ्या बॅटरीतही लिहिलेल्या पल्ल्यावर डुक्कर ओळखू येत नाही, निम्म्यावर आलं तर बरं.

पैशांचं दुःख मला कमीच होतं. मोठेबाबांच्या घरी गेलो तेव्हा मात्र पोटात गोळा आला. भाव वाढेल म्हणून त्यांनी कापूस विकला नव्हता. मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि त्याच खोलीच्या दारातल्या बोर्डावर ही बॅटरी रात्रभर चार्जिंगला. असा सेल ४.२ व्होल्टला भरला की चार्जरने थांबायला हवं. मल्टिमीटर लावला तर ४.३५ दाखवत होता आणि चार्जर अजून चालूच. सेल हाताला चटका देईल इतका तापलेला. मी तो अंगणात रेतीच्या घमेल्यात नेऊन ठेवला. मोठेबाबा म्हणाले, ‘अरे, दिवा हिरवा नाही झाला म्हून राहू दिली.’ त्या चार्जरचा दिवा हिरवा व्हायचाच नव्हता. या घटकेला ज्यांच्या घरात कापूस भरून आहे आणि अशी बाजारातली बॅटरी चार्जिंगला लागलेली आहे, त्यांनी पुढचं वाचण्याआधी ती काढून यावी.

फसवणूक इथेही थांबली नाही. गॅरंटी कार्डावरच्या नंबरला माझ्या चुलतभावाने फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड, की विचारू नका. ‘दादा, पीस वापस पाठवायची गरज नाही, पैसे टाकतो.’ त्याने क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं. साडेसहाशे यायच्या जागी एकोणीसशे गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितली की पैसे जाणार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आम्ही लगेच तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

बॅटरीची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर केली, दोन्ही फोटो आणि काट्यावरचं वजन जोडलं. त्यांनी पहिलंच विचारलं, विक्रेता कोण? बिल नाही, डब्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. पाकिटबंद मालावर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे, पण ज्याचं नावच नाही त्याच्यावर सक्ती करायची कोणी? डब्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्हही होतं, खालचा नोंदणीचा आर-नंबर मात्र गायब. लिथियम सेलला आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी बंधनकारक आहे आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी कोण ते कळतं. आमच्याकडे टाकायला नंबरच नव्हता.

तीच गाडी पुढे शेजारच्या तालुक्यातल्या यात्रेत दिसल्याचं गावातल्या एकाने सांगितलं. रेकॉर्ड तीच, फक्त आता दोन लाख लुमेन. तुमच्याकडे आली तर डेमोच्या बॅटरीकडे बघत बसू नका. तुम्हाला देणार तो डबा तिथेच उघडायला लावा, सेल बाहेर काढा आणि शेजारच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. या मापाचा सेल चाळीसच्या खाली भरला तर पैसे काढूच नका. सील तोडल्यावर माल परत होत नाही म्हणून गाडीवाला कटकट करेल, आवाज चढवेल. माझ्या चुलतभावाने यात्रेत नेमकं हेच केलं. काटा आणायला तो वळतो न वळतो तोच टेम्पोचं शटर खाली आलं.