बीटी की देशी? खानदेशातल्या कपाशीचा हिशोब

बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचं (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्यावरूनच ‘बीटी’) जनुक त्यात घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच तयार होणारं प्रथिन बोंडअळीचं पोट निकामी करतं. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हा फायदा खराच. बीटीच्या आधी पाठीवर पंप घेऊन फिरलेल्याला तो सांगावा लागत नाही.

पण गुलाबी बोंडअळी बीटीचं हे विषारी प्रथिन पचवायला शिकली. त्यात आमचाही हात आहे. आश्रयासाठी (म्हणजे काही अळ्या बिनविषाच्या झाडांवर वाढून सगळ्याच विषाला सरावू नयेत म्हणून) दिलेलं बिगर-बीटी बियाणं बांधावरच राहिलं, फरदड (वेचणीनंतरही राखलेलं जुनं पीक) उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, अळीला वर्षभर खाणं मिळालं. शिवाय मावा-तुडतुड्यांवर बीटीचा काहीच उपाय नाही आणि संकरित असल्यानं बियाणं दरवर्षी विकत.

देशी कपाशी रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद देत नाही, पाण्याचा ताण सोसते, सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बी घरचं ठेवता येतं. मात्र बोंड लहान, धागा आखूड. जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणारा) भाव पाडून मागतो, तिथंच गाडी अडते.

 

माझं मत? तापीकाठच्या बागायतीत बीटी, पण डिसेंबरअखेर रान मोकळं करायचं. कोरडवाहू हलक्या रानात मी देशीच पेरेन.