बीजिंगचा चहा आणि 2,572 युआनचं बिल

बीजिंगमध्ये पाकीटमारांच्या धास्तीने पर्स छातीशी धरून हिंडावं लागत नाही. मेट्रोत शिरताना दर वेळी पिशवी तपासणी यंत्रातून जाते, चौकाचौकात कॅमेरे असतात, रात्री उशिराही बायका फूटपाथवरून एकट्या निवांत चालत असतात. तिथे लुटतात ते गोड बोलून, चहा पाजून, आणि वर छापील दरपत्रक दाखवून. हा चहाचा प्रकार बीजिंग आणि शांघायमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याकडची मंडळी आता पुन्हा चीनला जायला लागली आहेत, म्हणून आमच्या बाबतीत काय झालं ते सविस्तर लिहिते.

माझा मावसभाऊ ग्वांगझौला नोकरी करतो. त्याच्याकडे मावशीला घेऊन जायचं होतं. वेगवान गाडीने बीजिंग ते ग्वांगझौ आठ-दहा तासांत होतं, पण मावशीला ते नको होतं. ती निवृत्त भूगोल शिक्षिका, माहेर सोलापूरचं. "यांगत्से नदी डोळ्यांनी बघायची आहे, आणि शिजियाझुआंग लागतं ना वाटेत?" तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं होतं, त्यातले सोलापूरचे कोटणीस 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. रात्रीच्या अंधारात गाडीतून काय दिसणार, हे मी बोलले नाही. संध्याकाळी बीजिंग पश्चिम स्थानकातून निघणाऱ्या शयनयान गाडीची तिकिटं काढली. वीस तासांच्या वरचा प्रवास.

म्हणजे मधला अख्खा दिवस मोकळा. स्थानकातल्या सामानघरात बॅगा ठेवल्या, नऊ नंबरच्या मेट्रोने एक स्टेशन जाऊन एक नंबरची लाइन पकडली. सोमवार असल्याने जुना बादशाही राजवाडा, म्हणजे फॉरबिडन सिटी, बंद होता, ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. त्यामुळे राजवाड्याच्या उत्तरेला असलेल्या जिंगशान टेकडीवर जायचं ठरलं होतं. तिकीट दोन युआन. राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी. मिंग घराण्याच्या शेवटच्या बादशहाने 1644 मध्ये याच टेकडीवर गळफास घेतला. वरून राजवाड्याची पिवळी छपरं एका नजरेत मावत नाहीत. मावशी तिथे बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती.

तिथेच "तुमचा दोघींचा फोटो काढू का?" असं इंग्रजीत विचारत दोन मुली आल्या. विशी-बाविशीच्या, पाठीवर सॅक, साधे कपडे. हार्बिनच्या कॉलेजात शिकतो, आम्हीही इथे फिरायलाच आलोय, इंग्रजी बोलायचा सराव होईल, वगैरे. भारत म्हटल्यावर आधी आमीर खान झाला. मग मावशी म्हणाली, मी सोलापूरची. त्यातली उंच मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "के दीहुआ!" हे कोटणीसांचं चिनी नाव. मावशीचे डोळेच भरून आले. आता वाटतं, प्रत्येक देशाच्या माणसासाठी यांच्याकडे एकेक किल्ली तयार असणार. त्या दिवशी मात्र तसा संशय यायला काही कारणच नव्हतं.

गप्पांच्या ओघात धाकटीने विचारलं, "तुमची गाडी किती वाजता?" मी सांगितलं, अजून पाच तास आहेत. हा प्रश्न लक्षात ठेवा.

टेकडी उतरल्यावर उंच मुलगी म्हणाली, जवळच जुन्या पद्धतीचा चहा मिळतो, आम्ही तिकडेच निघालोय, येता का? मावशीचे पाय दुखत होते. "अगं, पोरी शिकलेल्या दिसतात, बसू या घटकाभर." गल्लीबोळांतून दहा मिनिटं चालून एका दारापाशी आलो. बाहेर पाटी नव्हती. आत लहानशी बंद खोली, लाकडी टेबल, चिनी पोशाखातली एक बाई. तिने दरपत्रक उघडून दाखवलं, एका चहाला 58 युआन. महाग, पण राजवाड्याच्या परिसरात ठीक आहे म्हणायचं.

पुढचा तासभर खरंच मजेत गेला, हेही सांगायला हवं. ऊलाँग, मोगऱ्याचा, लिचीचा, युन्नानचा जुना काळा प्वार. एका काचेच्या पेल्यात सुकलेला गोळा टाकला, त्याचं हळूहळू फूल झालं. मातीचं एक नागडं पोर होतं. त्याच्यावर पुरेसं कडक पाणी ओतलं की ते लांबवर धार सोडतं. मावशी इतकी हसली की तिने ते दोनदा करायला लावलं. कप मात्र बोंडल्याएवढे, दोन घोटांत संपणारे. मध्येच टेबलावर सुकामेव्याच्या बशा आल्या, त्या कोणी मागवल्या ते कळलं नाही. शेवटी आमच्यापुढे चहाचे दोन डबे ठेवले. आठवण म्हणून, असं ती बाई म्हणाली. आम्हाला वाटलं भेट आहे.

मग बिल आलं. 58 चा दर एका चहाचा होता खरा, पण माणशी. सहा चहा, चार माणसं, 1,392. खोलीचं भाडं 300. बशांचे 320. दोन डबे 560. एकूण 2,572 युआन.

खरा डाव इथे सुरू होतो. मुलींनी हूं की चूं केलं नाही. उंच मुलगी म्हणाली, आपण अर्धं अर्धं करू, आणि तिने लगेच मोबाइल पुढे करून कोड स्कॅन केला. विद्यार्थिनींनी 1,286 युआन भरले, आता दोन मोठ्या बायकांनी घासाघीस कशी करायची? लाज वाटावी म्हणूनच ते असतं. 1,286 म्हणजे आपले पंधरा हजारांच्या वर. मला एकच गोष्ट खटकली. चीनमध्ये भाजीवाल्याकडेसुद्धा पैसे जमा झाले की छोटा डबा मोठ्याने रक्कम बोलतो. इथे काहीच वाजलं नाही.

मी म्हटलं, डबे आणि बशा आम्ही मागितल्या नव्हत्या. बाईचं इंग्रजी तेवढ्यात संपलं. दारापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता उभा. आणि मग धाकटी अगदी काळजीच्या सुरात म्हणाली, "तुमची गाडी चुकेल ना, देऊन टाका."

चहा, फूल, पोराची धार हा सगळा देखावा. पैसे काढून घेते ती तुमची गाडी. पाच तास मोकळे आहेत म्हणजे माणूस दीड-दोन तास बसेल. रात्रीची गाडी आहे म्हणजे पोलीस चौकीत जाऊन जबाब देत बसणार नाही. उद्या तो हजार किलोमीटर लांब असेल, परत येणार नाही. चीनमध्ये लांब पल्ल्याची गाडी पकडायची तर सुरक्षा तपासणी, पासपोर्टची तपासणी, आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होणारं फाटक, एवढं पार करावं लागतं. हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मी भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो नऊ वर्षं तिथे राहतो, चिनी सफाईदार बोलतो. आवाज न चढवता त्याने तीन गोष्टी विचारल्या: दुकानाचं नोंदणीकृत नाव काय, भिंतीवर लावायचा व्यवसाय परवाना कुठे आहे, आणि फापियाओ मिळेल का. फापियाओ म्हणजे करखात्याची अधिकृत पावती. ती देणं दुकानदारावर बंधनकारक असतं आणि तिच्यावर विकणाऱ्याचं नाव आणि कर क्रमांक येतो. बाईचा चेहरा बदलला. 110 ला, म्हणजे पोलिसांना, फोन करू का, असं त्याने विचारल्यावर डबे उचलले गेले. मग खोलीचं भाडं गेलं, बशाही गेल्या. उंच मुलगी हात धुऊन येते म्हणून बाहेर गेली ती परत आलीच नाही. अर्धं बिल भरलेली मुलगी हिशेब पाहायलाही थांबली नाही, म्हणजे काय ते समजून घ्या.

आमच्या दोघींच्या चहाचे 696 उरले. फापियाओ मात्र नाहीच म्हणाली. भाऊ मराठीत म्हणाला, "ताई, 500 टेबलावर ठेव आणि आईला घेऊन बाहेर पड. वाद घालू नकोस." तसंच केलं. दारातला माणूस बाजूला झाला.

गल्लीच्या तोंडाशी एक गाडीवाला "रेल्वे स्टेशन? 300" म्हणत उभाच होता. मीटर नाही, आणि अधिकृत टॅक्सीच्या नंबरप्लेटवर असतो तो 'बी' नाही. आम्ही मेट्रो धरली. माणशी तिकीट अवघं चार-पाच युआन.

हाच सापळा वांगफुजिंगच्या बाजारात आणि तिआनआनमेनच्या आसपासही लावतात. शांघायला नानजिंग रस्ता आणि पीपल्स स्क्वेअर. चहाऐवजी कधी कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन असतं आणि नेमका आजच शेवटचा दिवस असतो. सायकलरिक्षावाला तीन बोटं दाखवतो, उतरल्यावर त्याचे तीनशे होतात. शंभराची नोट दिलीत तर हातचलाखीने बदलून "ही खोटी आहे" म्हणून दुसरीच परत करतात.

चहा प्यायचाच असेल तर दुकान तुम्ही निवडा, रस्त्यात भेटलेल्याला निवडू देऊ नका. दर माणशी की किटलीचा, हे बसण्याआधी विचारा. अडकलातच तर आधी फापियाओ मागा, मग 110. नंतर तक्रारीसाठी 12345 ही सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे मोबाइलवरून भारतीय कार्डाने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि दाराचा फोटो जपून ठेवा, बँकेकडे हरकत नोंदवताना लागतो.

भावाने 12345 वर तक्रार केली. पाटीच नसलेल्या दुकानाचा पत्ता सांगताना त्याला बरीच कसरत करावी लागली. मावशीला पैशांपेक्षा कोटणीसांच्या नावाचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. पुढे ग्वांगझौच्या बाजारात एका हसऱ्या मुलाने तिला "कुठून आलात, किती दिवस आहात?" असं विचारलं. मावशी थांबलीसुद्धा नाही. "अर्ध्या तासात गाडी आहे," म्हणाली आणि चालू लागली. गाडीबिडी काही नव्हती, आम्ही वांगी घ्यायला निघालो होतो.